मोरीवरचा फुदिना

आमच्या फुदिन्याला कधी कुणी हाताने पाणी घातलं नाही. गरजच नव्हती. मोरीचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर निघतो आणि त्याच्या तोंडाशीच वाफा. घरात कुणी आंघोळ केली, ताट विसळलं, तांदूळ धुतले, की ते पाणी आपल्या पायांनी फुदिन्याकडे जायचं. माझी सासू सांगायची, "फुदिनाले घरनं वापरेल पानी लागस. जितला मानसं, तितला फुदिना." सासू पुष्कळ खोटं बोलायची, पण फुदिन्याच्या बाबतीत कधी बोलली नाही.

तिचे दोन नियम होते. एक हा पाण्याचा. दुसरा असा, की मागेल त्याला पानं द्यायची, कुणाला नाही म्हणायचं नाही, पण काडी द्यायची नाही. फुदिन्याची काडी ओल्या मातीत खोचली की लगेच मूळ धरते. मूळ घराबाहेर गेलं की घराची बरकत त्याच्या मागे जाते, असं ती म्हणायची. म्हणून मी जन्मभर नुसते शेंडे खुडले. नखाने, वरची कोवळी पानं तेवढी. आमच्या कोरीट गावात कुणाकडे ताकाला, चटणीला फुदिना लागला की आमच्या मागच्या दाराशी वाटी घेऊन यायचे. अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या मोरीवर फुदिना नव्हता, आणि मला त्याचा ताठा होता. असावाच. ज्याच्याकडे काही नाही त्याने नम्र राहावं.

शेजारच्या रमिलाने एकदा मुळासकट मागितला होता. तिच्या आणि आमच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून ती नवी सून असताना म्हणाली, "जिजी, एक मूळ देस का?" मी म्हटलं, "मूळ जोयजे तर माले दत्तक ले. मी येस मुळासकट." बिचारी तोंड एवढंसं करून आत गेली. पुन्हा कधी मागितलं नाही. शेंडे मात्र नेत राहिली.

तेव्हा आमचं घर भरलेलं होतं. दीर, जावा, त्यांची पोरं, सासू, मालक. सकाळी मोरी कोरडी व्हायची नाही. वाफा दोन बाजा मावतील एवढा पसरला होता आणि मागचं दार उघडलं की वास आधी घरात शिरायचा, मग उजेड. पुढे दिरांनी शेताकडे घरं बांधली. सासू गेली. मालक गेले. नवनीत, माझा मुलगा, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर झाला आणि बायकोला आणि रुपा, भाग्येश या दोन पोरांना घेऊन गेला. शेत निम्म्या वाट्याने कसायला दिलं. मलाही नेलं होतं त्याने. सहाव्या मजल्यावर घर. सून चारुलता चांगली आहे, मला काही करू द्यायची नाही. मी एकदा तिला विचारलं, हे भांड्यांचं पाणी जातं कुठे? ती म्हणाली, "पाइपने खाली जातं, आई." खाली कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. एवढं पाणी, एवढी माणसं, आणि खाली एक पान उगवत नाही. माझा जीव आखडला. फुदिना वाळेल असं सांगून परत आले.

फुदिना वाळायला लागला तो मी परत आल्यावर.

एका म्हातारीचं पाणी ते केवढं? एक आंघोळ, एक ताट, एक तवा. वाफ्याच्या कडा मागे सरकत गेल्या. दोन बाजांची एक बाज झाली, बाजेची परात झाली. होळी पेटली आणि उन्हं चढली तेव्हा पाइपाच्या तोंडाशी ताटाएवढा हिरवा तुकडा उरला होता. त्याच आठवड्यात नात रुपाचा फोन आला. "आजी, आखाजीला आम्ही येतोय. फुदिन्याची चटणी पाट्यावरची कर हं. इथल्या जुडीला वासच नाही." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, निखाऱ्यावर त्यांच्या नावाचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. मालकांना पुरणपोळीबरोबर फुदिन्याची चटणी लागायची. जिवंतपणी लागायची, आता मेल्यावर का सोडतील? दर आखाजीला ती त्यांच्या आगारीत असतेच.

म्हणजे आखाजीपर्यंत फुदिना जगायला हवा होता. दुसरं काही मला नको होतं.

कुणी म्हणेल, नळ आहे, बादली आहे, ओत की पाणी. सोपं आहे. पण नळाची बादली वाफ्यात ओतायची म्हणजे घरात माणूस उरलं नाही हे आपणच गल्लीत ओरडून सांगायचं. रमिला भिंतीवरून बघणार. तिच्या घरी दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, मोरी दिवसभर वाहते. तिच्यादेखत मी बादली ओतू? त्यापेक्षा मी वेगळं केलं. फळीवरची पितळी भांडी काढली. गंज, पराती, तांबे, जावांच्या वेळची ताटं, ज्यांत कुणी वर्षानुवर्षं जेवलं नव्हतं. ती मोरीत मांडली आणि राखेने घासायला बसले. चारुलताने भांड्यांच्या साबणाची बाटली दिली आहे, ती मी कपाटात ठेवली. साबणाने फुदिना मरतो. राख बरी. घासायचं, विसळायचं, पुसायचं, फळीवर ठेवायचं, दुपारी पुन्हा काढायचं. पाणी नळाचंच होतं, हे मलाही कळत होतं. पण ते मोरीतून जात होतं. तेवढ्याने माझं समाधान.

तिसऱ्याच दिवशी रमिलाचं डोकं भिंतीवर आलं.

"काय वं जिजी, सकायपासून भांडा वाजी ऱ्हायनात. कोन उनं?"

तोंडातून निघून गेलं, "शहादानी नणीन येल शे. तिना मालक, सून, नात. घर भरेल शे."

"दिखनात नही कोनी."

"तिना गुडघा दुखतस. आंगनमा निंघत नही."

"चारी जनसना दुखतस का?"

"तू तुन्हं काम कर वं."

ती गेली. मी घरात येऊन टीव्हीचा आवाज वाढवला. कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटावं म्हणून. टीव्हीवर एक बाई रडत होती. नणंदेला शोभेल असंच रडत होती.

संध्याकाळी रमिलाने भिंतीवरून झाकलेलं ताट दिलं. "पाहुनासले दे." मी पदराखालून नेलं आणि उघडलं. एक कळण्याची भाकरी, एक वाटी वांग्याचं भरीत, कांद्याची एक फोड. माझं डोकं फिरलं. पाहुणे खोटे असतील, पण त्यांचा अपमान खरा होता. मी परत भिंतीशी गेले.

"चार मानसंसले एक भाकर? आठे काय दुष्काळ पडेल शे का?"

"शहादाना लोके थोडंच खातस," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी जेवायला बसले. भाकरी मऊ होती, कडा न करपवलेली, माझ्या उरल्यासुरल्या दातांना सोसेल अशी. भरितात मिरची जेमतेम. रमिलाच्या घरी मिरची हाताने नाही, मुठीने पडते, हे मला इतकी वर्षं माहीत आहे. ते भरीत शहाद्याच्या पाहुण्यांसाठी केलेलं नव्हतं. ताट माझ्याच मापाचं होतं. म्हणजे तिला पहिल्या शब्दापासून कळलं होतं. मला ते कळलं, पण कळल्याचं मी दाखवलं नाही. ताट घासून परत केलं. त्या ताटाचंही पाणी फुदिन्याला मिळालं.

असं काही दिवस चाललं. मी घासायची, रमिला अधूनमधून पाहुण्यांची चौकशी करायची. "गुडघा कसा शे?" "बरा शे." "सून काम करस का बठी ऱ्हास?" "मन्हापेक्षा बरी शे, तुन्ही सूनपेक्षा तर भलती बरी." मला त्या खोट्या माणसांचा लळा लागत चालला होता. सुनेचं नावसुद्धा ठरवलं होतं मी. कुणाला सांगितलं नाही.

फुदिना मात्र वाढेना. मला वाटलं होतं, पाणी मिळालं की उभारी धरेल. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, विडीने चटका दिल्यासारख्या. खालची पानं गळाली. मी आणखी भांडी काढली. आणखी राख, आणखी पाणी. माती वरून पांढुरकी दिसायला लागली. मी म्हटलं ऊन आहे, उन्हाने होतं.

एक दिवस मी वाफ्याशी वाकले होते तर भिंतीवरून आवाज आला.

"जिजी, तुन्हा पाहुना जेवतस भलता, पन आंग धोतस नही का?"

"काय?"

"नुसतं राखनं पानी जाई ऱ्हायनं तठे. पह्यले दहा जनसनं आंगधुननं पानी ऱ्हाये, राख वाही जाये. आते राखच राख. खार बठना मातीमा. पाह्य ती पानं."

"मी तुन्हापेक्षा पह्यले उनू ह्या गावमा. फुदिना तू माले नको शिकाडू."

"नही शिकाडत. पन पाहुनासले आंग धोवाले सांग."

ती गेल्यावर मी बोटाने माती उकरली. पांढरी खपली निघाली. जिभेला लावली, खारट-कडवट. त्या स्वच्छ ताटांना खरकट्याचा कणही नव्हता, नुसती राख होती, आणि ती सगळी मी याच्या तोंडात ओतली होती. जगवायला बसले होते मी. मुळाशी बोट घातलं तर मुळं काळी, लिबलिबीत. एका कोपऱ्यात, पाइपाच्या अगदी आडोशाला, तीन-चार काड्या हिरव्या होत्या.

त्या दिवसापासून मी दोन वेळा आंघोळ केली. एकदा तीन वेळा केली. अंग सोलून निघालं, सर्दी झाली. काड्या तेवढ्याच राहिल्या. मेल्या नाहीत, वाढल्याही नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नवनीतचा फोन आला. आधी तब्येत, मग हवा, मग शेतातल्या पपईचं काय झालं. पोरगं इतकं फिरून बोलायला लागलं की आईला कळतं.

"माय, भाग्येशना क्लास सुरू व्हई ऱ्हायना. दहावीनं वरीस. आखाजीले नही जमाव. दिवाळीले येसूत, नक्की."

"बरं."

"राग उना का?"

"कसाना राग? पोरनं शिक्षण पह्यले."

"रुपा रडी ऱ्हायनी. तिले चटणी जोयजे व्हती. फुदिना कसा शे वं माय?"

"भलता माजेल शे," मी म्हटलं. "वाफामा मावस नही."

फोन ठेवला. मग मी मोरीकडे गेले नाही. सरळ नळाशी गेले, बादली भरली आणि मागच्या अंगणात नेली. रमिला बघते की नाही, तेही पाहिलं नाही. वाफ्याशी बादली घेऊन उभी राहिले. रोज अशी एक बादली ओतली असती तर खार वाहून गेला असता, काड्या वाचल्या असत्या. पण रोज ओतायची कुणासाठी? रुपा येणार नव्हती. माझं मला तर एक पान पुष्कळ. आणि मी चार दिवस अंथरुणाला खिळले तर? सासूचं म्हणणं खरं होतं, या झाडाला पाण्याआधी माणसं लागतात. ती माझ्याकडे नव्हती. भिंतीपलीकडे होती.

बादली मी ओतली, पण जगवायला नाही. माती सैल व्हावी म्हणून. खुरप्याने भोवतालची पांढरी माती बाजूला केली आणि त्या हिरव्या काड्या ढेकळासकट उचलल्या. सासूचा फोटो पुढच्या खोलीत आहे, बरंच झालं.

रमिलाच्या घरी मी पुढच्या दाराने गेले. मागून भिंतीवरून द्यायचं काम नव्हतं हे. तिच्या सुना भाकरी थापत होत्या, पोरं पायांत येत होती. मी थेट तिच्या मोरीच्या पाइपाशी जाऊन बसले आणि खड्डा करायला लागले. रमिला मागून आली. माझ्या हातातलं ढेकूळ बघितलं. 

मग म्हणाली, "देस का ठेवाले देस?"

"ठेवाले. मन्हाच शे तो. तुन्हा पानीवर ऱ्हाई, इतलंच. आनि साबू बंद कर, नहीतर आत्तेच परत लई जास."

"बंद करसू."

"राख बी थोडीच वापर."

"ते माले म्हाईत शे, जिजी."

मी माती दाबली. पोरांच्या आंघोळीचं पाणी यायला लागलं होतं, कोमट, धुळीचं, भरपूर. काड्यांना लागून पुढे गेलं. मला उठता येईना, रमिलाने हात दिला. मी तो धरला, कारण दुसरं काही धरायला नव्हतं.

"मी नवी उनू तवय तू काय म्हनेल व्हतं, याद शे?" ती म्हणाली. "मूळ जोयजे तर माले दत्तक ले, मी येस मुळासकट."

"याद शे."

"मंग मूळ तर उनं. तू कवय येस? जेवाले तरी ये. एकली कितला भांडा धोशी?"

आत सुनांनी भाकरी थापायचं थांबवलं होतं. सगळं घर ऐकत होतं. मी पदर नीट केला.

"मन्हा घर पाहुना शेतस," मी म्हटलं.

रमिला हसली नाही. मान हलवली. "हां. मंग पाहुना गयात का ये."

त्यानंतर मी भिंतीकडे फार गेले नाही. पितळी भांडी फळीवर गेली ती तिथेच राहिली. टीव्हीचा आवाज कमी केला. घर इतकं शांत झालं की पलीकडची मोरी वाहायला लागली की मला इकडे कळायचं. सकाळी जास्त, दुपारी कमी, संध्याकाळी पुन्हा. मी बाजेवर पडून ते ऐकत असायची. ती मोरी रोज वाहत होती ती माझ्या फुदिन्यासाठीच, असं मनाशी म्हणायची.

आखाजी आली. पोरी झोक्यांवर होत्या, त्यांचा आरडाओरडा वेशीपासून ऐकू येत होता. मी मातीची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं. खापरावर पुरणपोळ्या केल्या, चारच. कमी पुरण वाटायला जास्त वेळ लागतो, कारण हात जास्तीची सवय सोडत नाही. पाटा धुतला. मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण सोलला, शेंगदाणे ठेवले, कैरीची फोड ठेवली. मग वाटी घेतली.

जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या दारात फुदिन्यासाठी वाटी घेऊन उभी होते. रमिलाने वाटी बघितली. मला मागे घेऊन गेली.

फुदिना परातीएवढा झाला होता. गडद, माजलेला, पानं माझ्या अंगठ्याएवढी. दोन पावलांवर असतानाच वास आला आणि मला उगाच वाटलं, आमचं मागचं दार कुणीतरी उघडलं. मी वाकायला लागले तर रमिला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे. मी देस." आणि ती खुडायला बसली. नखाने, वरची कोवळी पानं तेवढी. एक काडी लांब निघाली तर तिने ती तोडून, खालचा भाग परत मातीत खोचला. "काडी नही भेटाव जिजी. घरनी बरकत जास."

"माले नको सांगू. मन्हीच सासू सांगे."

"मंग?"

"मंग काय, बरोबर शे."

वाटी भरली. मी घरी आले आणि वाटायला बसले. मिक्सरात फुदिना काळा पडतो; पाट्यावर वाटला की हिरवा राहतो आणि हाताला दोन दिवस वास येतो. निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणपोळीचा तुकडा टाकला, वर चटणीचं बोट. चरचरलं. मालकांना सांगितलं, चटणी आपल्याच फुदिन्याची आहे, फक्त तो आता शेजारी राहतो. पोरं दिवाळीला येतील. ते काही म्हणाले नाहीत. जिवंतपणीही जेवताना बोलायचे नाहीत.

मग मी जेवले, आणि पाटा आणि ताट धुतलं. ते थोडंसं हिरवट पाणी पाइपातून गेलं आणि मागच्या मोकळ्या, पांढऱ्या मातीत जिरलं. मी दारात उभी राहून ते जिरेपर्यंत बघत होते. सवय आहे.

भिंतीवर रमिलाचं डोकं आलं. तिच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं, पण ते तिने पुढे केलं नाही. आपल्याच बाजूला धरून उभी राहिली.

"जिजी, पाहुना गयात का?"

मी ओले हात पदराला पुसले.

"जाई ऱ्हायनात," मी म्हटलं. "गुडघा दुखतस ना त्यासना. हळूहळू जातीन."